जुने कुंग-फू सिनेमे : पडद्यावर सगळे होते, पण शेवटपर्यंत कोण उरलं?

भडंग
मंडळी, सध्या जुने मार्शल आर्टचे सिनेमे पुन्हा बघायचं खूळ लागलंय. त्यातून एक प्रश्न पडला, तो इथे टाकतो.

हल्ली "विविधता", "प्रतिनिधित्व" हे शब्द उठता-बसता ऐकू येतात. जणू काही मागच्या दहा-पंधरा वर्षांतच कुणाला हे सुचलं. पण "एंटर द ड्रॅगन" १९७३चा. त्यात बेटावर स्पर्धेला निघालेले तीन नायक आहेत. चिनी ब्रूस ली, गोरा जॉन सॅक्सन आणि काळा जिम केली. तिघांनाही आपापली मागची गोष्ट आहे. जिम केलीच्या विल्यम्सला तर दोन गोरे पोलीस रात्री विनाकारण अडवतात, तो त्यांना चोपतो आणि त्यांचीच गाडी घेऊन सटकतो. हाँगकाँगच्या खाडीत होडीवर राहणारी गरीब माणसं बघून, झोपडपट्टी जगात कुठेही सारखीच, अशा अर्थाचं वाक्यही त्याच्याच तोंडी आहे. त्या काळच्या किती अॅक्शनपटांत हे सापडेल?

आणि तरीही अर्ध्यावर त्यालाच मारतात. नुसतं मारत नाहीत, त्याचं प्रेत साखळ्यांना लटकवून दाखवतात. हाणामारीत जो सगळ्यात बेताचा, तो सॅक्सन मात्र शेवटी अंगठा वर करून उभा.

माझं मत असं, की हे सिनेमे दार उघडत होते, पण पाटावर बसवत नव्हते. तुम्हाला काय वाटतं? की मी उगाच आजचा चष्मा लावून बघतोय?

नाक्यावरचा पोपट
काळा माणूस आधी मरतो, गोरा वाचतो, चिनी माणूस शर्ट काढतो. धागा संपला, चहा घ्या.

बे एरियातला बापू
पोपटराव, चहा नंतर. भडंग, तुमचा प्रश्न चांगला आहे, पण पडद्याकडेच बघताय. थोडं खुर्च्यांकडेही बघा.

१९७३च्या मार्चमध्ये वॉर्नरने हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओचा "किंग बॉक्सर" अमेरिकेत "फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ" नावाने लावला आणि तो धो धो चालला. मे महिन्यात एक आठवडा असा आला, की अमेरिकेच्या तिकीटबारीवर पहिल्या तीनही जागा हाँगकाँगच्या सिनेमांकडे होत्या. हे कोण बघत होतं? मोठ्या शहरांच्या मधल्या भागातली जुनी थिएटरं. गोरे लोक उपनगरांत निघून गेलेले, तिकीट स्वस्त, प्रेक्षक बहुतेक काळे आणि पोर्टोरिकन. त्यांना प्रथमच असा नायक दिसत होता, जो गोरा नाही, ज्याच्याकडे बंदूक नाही, पैसा नाही, फक्त अंग आहे, आणि तो मालकाला, सावकाराला, परक्या राज्यकर्त्याला लोळवतो. ही गोष्ट समजायला सबटायटल लागत नाहीत.

त्यामुळे जिम केलीला घेणं हा धंद्याचा हिशेब होता, यात शंकाच नाही. गंमत म्हणजे ती भूमिका आधी रॉकनी टार्किंग्टनकडे होती, तो ऐनवेळी बाहेर पडला. केली खरा कराटेपटू, १९७१ची लाँग बीचची स्पर्धा मारलेला. पण हिशेबातून काय निघालं बघा. पुढच्याच वर्षी त्याच दिग्दर्शकाने, रॉबर्ट क्लाउजने, त्याला "ब्लॅक बेल्ट जोन्स"चा नायक केलं. एका सिनेमात मेला, दुसऱ्यात सिनेमाच त्याच्या नावावर. त्या थिएटरांतली पोरं मोठी झाली आणि त्यातून "वू-टँग क्लॅन" हे रॅप गाणाऱ्यांचं टोळकं आलं. त्यांच्या १९९३च्या पहिल्या अल्बमच्या नावातच शाओलिनच्या कुंग-फू सिनेमातले ३६ चेंबर्स आहेत.

तेव्हा पाटावर बसवलं नाही हे खरं, पण ज्यांना बसवलं नाही त्यांनी स्वतःची पंगत मांडली.

अनुजा_ठाणे
बापू, त्या पहिल्या तीन सिनेमांतला एक अँजेला माओचा होता हे सांगायचं राहिलं का मुद्दाम? "लेडी व्हर्लविंड", अमेरिकेत "डीप थ्रस्ट" नावाने लागला. म्हणजे एक बाई नायिका असलेला, मारामारीचा, परदेशी सिनेमा. १९७३ मध्ये.

तीच अँजेला माओ "एंटर द ड्रॅगन"मध्ये कोण आहे? ब्रूस लीची बहीण. काही मिनिटांचा फ्लॅशबॅक, गल्लीबोळांतून अप्रतिम मारामारी, आणि मग गुंडांच्या हाती लागण्यापेक्षा काचेचा तुकडा पोटात. का? भावाला सूड घ्यायला कारण हवं म्हणून. हाँगकाँगमध्ये पोस्टरवर जिचा चेहरा एकटीचा, हॉलिवूडचा पैसा आल्याबरोबर तिचं कारण झालं. भडंगचा विल्यम्स निदान अर्ध्यापर्यंत तरी पोचला.

आणि ती अपवाद नव्हती. दिग्दर्शक किंग हूच्या "कम ड्रिंक विथ मी"मध्ये (१९६६) नायिका चेंग पेई-पेई. खाणावळीत शांतपणे बसलीय आणि आजूबाजूचे गुंड एकेक करून अंदाज घेतायत, तो प्रसंग पुन्हा बघा. एकही वाक्य "मी बाई असले तरी" छापाचं नाही. "माय यंग आँटी"साठी (१९८१) कारा हुईला पहिल्याच हाँगकाँग फिल्म पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. कुंग-फूच्या सिनेमासाठी! आपल्याकडे हाणामारी करणाऱ्या नटीला असा पुरस्कार मिळालेला आठवतोय कुणाला?

शांताबाई_९
अनुजा, फिअरलेस नादियाला विसरू नकोस गं. १९३५ची "हंटरवाली", आपल्या मुंबईतली. चाबूक घेऊन चालत्या गाडीवरून उड्या.

नाक्यावरचा पोपट
शांताबाई, नादिया मुळात ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी अॅन इव्हान्स. म्हणजे देशी सिनेमात गोरी बाई नायिका. भडंगच्या वहीत हे कुठल्या रकान्यात घालायचं?

खोडरबर
अनुजाताईंच्या माहितीला हरकत नाही, निष्कर्षाला आहे. हाँगकाँगचे स्टुडिओ स्त्रियांबाबत पुढारलेले होते म्हणून हे झालं असं नाही. चिनी ऑपेरात लढणाऱ्या स्त्रीची भूमिका हा कित्येक पिढ्या चालत आलेला प्रकार आहे. अँजेला माओ लहानपणापासून तैवानमध्ये ऑपेराच्या शिक्षणात वाढली. चेंग पेई-पेई बॅले शिकलेली. म्हणजे कोलांट्या मारणाऱ्या, तलवार फिरवणाऱ्या मुली तयार होत्या आणि बघायची सवय असलेले प्रेक्षकही तयार होते. सिनेमाने फक्त कॅमेरा लावला.

शिवाय त्याच शॉ ब्रदर्समध्ये चांग चेह नावाचा दिग्दर्शक होता. त्याचा "वन-आर्म्ड स्वोर्ड्समन" (१९६७) तुफान चालला आणि मग उघड्या छातीच्या, रक्तबंबाळ पुरुषांची लाट आली. बायका घरी वाट बघायला. म्हणजे पुढे गेलेलं पाऊल एका दिग्दर्शकाच्या यशाने मागे येऊ शकतं. सरळ रेषेत काही जात नाही.

अनुजा_ठाणे
खोडरबर, परंपरा होती म्हणून श्रेय नाही? लावणीची परंपरा आपल्याकडेही होती, तिचं सिनेमाने काय केलं ते बघतोच आहोत. परंपरा असणं आणि तिला मध्यभागी उभं करणं, यात निर्णय लागतो. किंग हूने तो घेतला.

बाकी चांग चेहबद्दल पूर्ण सहमत. दुर्दैवाने.

निशाचर
काळे झाले, गोरे झाले, बायका झाल्या. आपण कुठे आहोत या सिनेमांत? कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. आहोत बरं का. दोन ठिकाणं सांगतो, दोन्ही बघून पोटात गोळा येतो.

पहिलं, "फिस्ट ऑफ फ्युरी" (१९७२). शांघायच्या बागेचं फाटक. ब्रूस ली आत जायला लागतो आणि रखवालदार त्याला अडवून पाटीकडे बोट दाखवतो : कुत्र्यांना आणि चिनी लोकांना मज्जाव. एक जपानी माणूस म्हणतो, कुत्र्यासारखा वागलास तर नेतो आत. मग ब्रूस ली त्याला तुडवतो, उंच उडी मारून पाटी लाथेने फोडतो. जगभरच्या थिएटरांत या प्रसंगाला टाळ्या पडल्या. भारतातही पडल्या असणार. पण फाटकावरचा तो रखवालदार कोण आहे? पगडीवाला शीख. म्हणजे आपण. अपमान करणाऱ्या साहेबाच्या बाजूने उभे.

हे हवेतून आणलेलं नाही. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलिसांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून शीख शिपाई भरती होत होते. ब्रिटिशांनी एका गुलाम देशातली माणसं आणून दुसऱ्यांना काबूत ठेवायला लावली. चिनी लोकांच्या मनात तो पगडीवाला पोलीस राहिला, साहेब राहिला नाही, कारण काठी पगडीवाल्याच्या हातात होती. पाटीबद्दल सांगायचं तर बागेच्या नियमावलीत चिनी लोकांना बंदी होती आणि कुत्र्यांनाही होती, पण वेगवेगळ्या कलमांत. सिनेमात ती एका ओळीत आणली, आणि भावना म्हणून ते खोटं नाही.

दुसरं ठिकाण जास्त विनोदी आणि जास्त वाईट. जिमी वाँग यूचा "मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन" (१९७६). त्यात स्पर्धेला एक भारतीय योगी येतो, ज्याचे हात रबरासारखे लांब होतात. चिनी नट, चेहऱ्याला तपकिरी रंग. "स्ट्रीट फायटर"मधला धल्सिम याच्यावरूनच घेतला असं म्हणतात. म्हणजे आमच्या पिढीने व्हिडिओ गेमच्या दुकानात नाणी टाकून टाकून ज्याला खेळवलं, तो कवट्यांची माळ घातलेला आपला "भारतीय" तिथून आलाय. जिम केली मेला तरी जिम केलीच होता. आपल्या जागी तर माणूसच दुसरा.

शांताबाई_९
निशाचर, तो शीख रखवालदार मी कमीत कमी चार वेळा पाहिला असेल. एकदाही लक्ष गेलं नाही. ब्रूस लीच्या लाथेकडेच डोळे.

भडंग
निशाचर, शंभर नंबरी प्रतिसाद. पण एक सांगा, त्या शीख रखवालदाराबद्दल राग कुणावर धरायचा? सिनेमा काढणारे हाँगकाँगचे, म्हणजे स्वतःच तेव्हा ब्रिटिश वसाहतीत राहणारे. त्यांनी शांघायमधल्या साहेबाऐवजी जपानी खलनायक आणि भारतीय हरकाम्या दाखवला. साहेबाला सोडून दिलं, असंही म्हणता येईल ना?

निशाचर
बरोबर पकडलंत. राग नाहीच, मला फक्त नोंद करायची होती. आणि त्या शिपायांची दुसरी बाजूही आहे, जी कुठल्याच सिनेमात आली नाही. गदर चळवळ शांघायच्या शिखांपर्यंत पोचली होती. त्यातले काही ब्रिटिशांच्याच पोलिसात नोकरी करून ब्रिटिशांविरुद्धची पत्रकं वाचत होते. त्या फाटकावर उभ्या माणसाच्या खिशात काय होतं हे कुणी विचारलं असतं, तर तिथे एक अख्खा सिनेमा होता.

बे एरियातला बापू
हा सिनेमा कुणीतरी काढा रे. पैसे नाहीत माझ्याकडे, पण पहिलं तिकीट माझं.

खोडरबर
रंग फासण्यावरून. हे फक्त हाँगकाँगचं पाप नाही. "किकबॉक्सर" (१९८९) आठवतोय? त्यातला भयंकर थाई योद्धा टाँग पो, जो खांबाला लाथा मारून प्लास्टर पाडतो. तो थायलंडचा नाहीच. मिशेल किसी, मोरोक्कोत जन्मलेला, ब्रसेल्समध्ये वाढलेला, सिनेमाचा नायक व्हान डॅम याचा लहानपणीचा दोस्त. मेकअप करून डोळे बदलले. बँकॉकमध्ये मुय थाई खेळणारे खरे लोक ढिगाने असताना!

त्याच्या आदल्या वर्षीच्या "ब्लडस्पोर्ट"मध्ये तर जगभरचे लढवय्ये आहेत. आफ्रिकेतला म्हणून एक जण जमिनीलगत माकडासारखा सरपटत लढतो. बघताना मान खाली जाते. विविधता मोजायची तर या सिनेमाला पैकीच्या पैकी. म्हणून नुसतं मोजून काही कळत नाही, असं माझं म्हणणं.

सरपटणारा ड्रॅगन
इथे एक वैयक्तिक. माझा पुण्यातला हॉस्टेलचा रूममेट मणिपूरचा. फुटबॉल सोडून आयुष्यात काही खेळला नाही, मारामारी तर सोडाच. पण रस्त्यावरून जाताना "ए जॅकी चॅन", "ए ब्रूस ली" ठरलेलं. त्याला राग यायचाच, पण एकदा म्हणाला, निदान हे दोघं जिंकतात तरी.

आणि आपण लोकांना नावं ठेवतोय, तर २०१४च्या "मेरी कोम"मध्ये मणिपुरी मुष्टियोद्धी कोण झालं होतं? प्रियांका चोप्रा. किसीला हसण्याआधी हे लिहून ठेवा.

अनुजा_ठाणे
+१. वाक्यच नाही उरलं.

मावळतीचा वारा
धागा उशिरा पाहिला. सगळे ब्रूस लीभोवती फिरताय, म्हणून "द कराटे किड" (१९८४) टाकतो. मिस्टर मियागी. वरवर बघितलं तर साचाच : म्हातारा, गूढ बोलणारा, मोडकंतोडकं इंग्रजी, गोऱ्या मुलाला शिकवायला जन्मलेला. आणि तो उच्चार पॅट मोरिताने लावलेला. हा माणूस कॅलिफोर्नियात जन्मलेला, स्टँडअप कॉमेडी करणारा, तुमच्याआमच्यापेक्षा सफाईदार अमेरिकन इंग्रजी बोलणारा. कराटेही येत नव्हतं, अवघड हाणामारी फुमियो देमुरा यांनी केली.

पण तो दारूच्या नशेतला प्रसंग बघा. मियागी अमेरिकेच्या सैन्यात युरोपात लढत होता, आणि त्याच वेळी त्याची बायको आणि बाळ अमेरिकेतल्याच जपानी लोकांच्या छावणीत, मँझनारमध्ये, बाळंतपणात गेली. शिकणाऱ्या त्या पोराला हे तार वाचून कळतं. मोरिता स्वतः लहानपणी क्षयाने कित्येक वर्षं इस्पितळात होता आणि बरा झाल्यावर थेट ॲरिझोनातल्या अशाच छावणीत नेला गेला. त्या दोन मिनिटांत साचा फुटतो. ऑस्करचं नामांकन त्याला मिळालं ते उगाच नाही.

म्हणून मला भडंगसारखं "कोण शेवटपर्यंत उरलं" एवढंच माप पुरत नाही. माणसाला मागचं आयुष्य दिलंय का, ते मी बघतो.

शांताबाई_९
तो प्रसंग लागला की आमच्याकडे रिमोटला कुणी हात लावत नाही.

नाक्यावरचा पोपट
अवांतर : आंधळे, एका हाताचे यांना का वगळताय? जपानी "झाटोइची", आंधळा तलवारबाज, १९६२ पासून शिंतारो कात्सूने वीसच्या वर सिनेमे केले. १९७१ मध्ये तर आंधळा जपानी आणि एका हाताचा चिनी यांना एकाच सिनेमात आणलं. दोघंही भले, पण एकमेकांची भाषा कळत नाही म्हणून गैरसमज होऊन भिडतात. माझ्या मते यातलं सगळ्यात शहाणं कथानक. मला थट्टेशिवाय काही येत नाही म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

खोडरबर
नोंद घेतली. पण कात्सू डोळस आणि त्या चिनी तलवारबाजाचं काम करणाऱ्या वाँग यूचा हात कपड्यात लपवलेला. खरोखर अपंग नट घेऊन केलेला म्हणजे तैवानचा "क्रिपल्ड मास्टर्स" (१९७९). एकाला हात नाहीत, दुसऱ्याचे पाय निकामी, दोघं मिळून लढतात. जाहिरात सगळी जत्रेतल्या तंबूसारखी केली होती, बघायला या म्हणून. पण शरीर कसं वापरतात ते बघताना दया येत नाही, थक्क व्हायला होतं. त्या दोघांना पुढे साध्या भूमिका कुणी दिल्या असत्या तर खरं.

भडंग
मावळतीचा वारा, तुमचं माप आवडलं. त्या मापाने विल्यम्स पास होतो (पोलीसवाला प्रसंग), अँजेला माओ नापास, शीख रखवालदार तर परीक्षेलाच बसवला नाही.

पण मला अजून एक माप जोडायचंय : ठरवतं कोण? ब्रूस ली स्वतः "ग्रीन हॉर्नेट"मध्ये (१९६६-६७) गोऱ्या नायकाचा गाडीवान केटो होता. १९७२ला टीव्हीवर "कुंग फू" मालिका आली तेव्हा शाओलिनचा भिक्षू गोरा डेव्हिड कॅराडीन झाला. मग हाच ब्रूस ली हाँगकाँगला जाऊन स्वतः दिग्दर्शक झाल्यावर काय करतो? "गेम ऑफ डेथ"साठी पॅगोड्याच्या मजल्यांवर उभे केले फिलिपिनो वंशाचा डॅन इनोसांटो, कोरियाचा जी हान-जे आणि सात फूट दोन इंची बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार. प्रत्येक जण आपली खरी विद्या घेऊन आलेला. खलनायकाच्या बाजूचे असले तरी कुणाची टर उडवलेली नाही. करीमशी लढताना तर कॅमेरा त्याच्या उंचीचा आदर करतो.

आणि ली गेल्यावर १९७८ला तोच सिनेमा इतरांनी पुरा केला तेव्हा काय झालं? त्याच्यासारखे दिसणारे नट, एका ठिकाणी आरशावर त्याच्या चेहऱ्याचा पुठ्ठा, वर त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्यं. ज्याने बाकीच्यांना नीट जागा दिली, त्याच्याच जागी दुसरे बसवले.

बे एरियातला बापू
"ठरवतं कोण" यावरून एक किस्सा. "एंटर द ड्रॅगन"मधला खलनायक हान म्हणजे शिह किएन, त्याला इंग्रजी जमत नव्हतं म्हणून आवाज दिला की ल्यूक या चिनी-अमेरिकन नटाने. हा की ल्यूक कोण? १९४०च्या जुन्या "ग्रीन हॉर्नेट" मालिकापटातला केटो. म्हणजे शेवटच्या आरसेमहालात नवा केटो जुन्या केटोच्या आवाजाशी लढतोय. आणि "कुंग फू" मालिकेतला कॅराडीनचा आंधळा गुरूही तोच. तीस-पस्तीस वर्षं हॉलिवूडकडे चिनी माणसांसाठी इतक्याच खुर्च्या होत्या, त्यावर आळीपाळीने तेच बसायचे.

सरपटणारा ड्रॅगन
बापू, हे माहीतच नव्हतं! आज रात्री आरसेमहाल डोळे मिटून, फक्त ऐकून बघणार.

अनुजा_ठाणे
मिशेल येओ आणि सिंथिया रॉथरॉकचा "येस मॅडम" (१९८५) कुणी पाहिलाय का? तिथे उलटा प्रकार आहे. मलेशियाची मुलगी आणि अमेरिकन गोरी कराटेपटू, दोघी पोलीस, दोघी हाँगकाँगच्या सिनेमात पाहुण्या. रॉथरॉकला स्वतःच्या देशात असं काम मिळेना, तिथे मिळालं. यावर वेगळा धागा काढू का, की इथेच लिहू?

भडंग
वेगळा काढा. इथे दिलात तर पोपट पुन्हा नादियाला घेऊन येईल.

नाक्यावरचा पोपट
आलोच होतो. निशाचर, तेवढं सांगा, तो लांब हातांचा योगी शेवटी जिंकतो का?

निशाचर
खलनायकाच्या बाजूने आहे पोपटराव. तुम्हीच सांगा.